नवरात्रातला लसणाचा वास

माझ्याकडे एक ओव्हन आहे. विजेवरचा नाही, गॅसवरचा. कमरेएवढी उंच लोखंडी पेटी, पुढे काचेचं दार, आत जाळ्या, आणि खाली भोकं असलेली एक लांब नळी, तिच्यातून निळा जाळ निघतो. नागपूरला लेक राहते, तिनं नवीन घर घेतलं तेव्हा तिथं विजेचा ओव्हन भिंतीतच बसवलेला निघाला. मग ही पेटी कुठं ठेवायची? आईकडे. लेकींचं असंच असतं, त्यांना नको झालेली प्रत्येक वस्तू आईच्या फार उपयोगाची असते. मुलगा लोहाऱ्याला कारखान्यात आहे, त्यानं मित्राच्या टेम्पोत घालून ती आमच्या गावी, दिग्रसच्या अलीकडे, आणून टाकली.

आता मी शिकलेली म्हणावी तर चौथीपर्यंत. पण फोनवर बघून बघून नानखटाई शिकले. पहिला घाणा असा जळाला की शेजारच्या बकरीनंही तोंड फिरवलं. दुसरा कच्चा राहिला. आमचे हे म्हणाले, "अवो, एक पोट जाळते, एक दात पाडते. मधातलं काही जमत नाही काय तुले?" तिसऱ्या खेपेला जमलं. तेव्हापासून कोणाकडे बाळंतीण असो, पाहुणा असो, "काकू, तुमची नानखटाई द्या न" असं म्हणत लोक डबा घेऊन येतात. साठी उलटल्यावर अंगाला एखादी कला चिकटली की माणूस जरा ताठ चालतं. मीही चालत होते.

घरात आम्ही दोघंच. हे सकाळी वावरात जातात, दुपारी जेवायला येतात, पुन्हा जातात. दिवसभर घर असं मुकं पडलेलं असायचं की मी ओव्हनशी बोलायची. म्हणून मी माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या मागे लागले होते, आमच्याकडे राहायला या म्हणून. आमचे जेठ, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, गेल्यापासून त्या वावरातल्या घरी एकट्या राहायच्या. गुडघे सुजलेले, पावसाळ्यात चिखलातून विहिरीवर जायचं, साप-विंचवाचं भ्या. तरी ऐकायच्या नाहीत. दरवर्षी मी विचारायची, दरवर्षी त्या म्हणायच्या, "पुढल्या साली पाहू."

या साली त्या हो म्हणाल्या. पण जाऊबाईंचं हो म्हणजे सरळ हो कधीच नसतं.

"माह्यासंगं घट येईन," त्या म्हणाल्या. "नवरात्र तुह्या घरी. दिवा नऊ दिवस नीट जळला तं समजीन देवी इथं रमली. देवी रमली तं मी रमली. नाहीतं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी आपली माह्या घरी."

आमच्या घरच्या घटापुढे अखंड दिवा असतो. पहिल्या दिवशी लावला की दसऱ्याला घट हलेपर्यंत जळत राहिला पाहिजे. तेल घाला, काजळी काढा, वारा अडवा, पण ज्योत जाऊ द्यायची नाही. जाऊबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून तो दिवा त्यांच्याच हाती. सासूबाईंनी सोपवला आणि त्यांनी तो कधी जाऊ दिला नाही. सारं गाव त्यांचं कौतुक करतं यासाठी. तेव्हा तुम्ही समजा, त्या नऊ दिवसांत माझ्या घरात नुसता दिवा नव्हता जळत. जाऊबाई राहतील की जातील, ते जळत होतं.

त्या आल्या तेव्हा हातात एक पिशवी, काखेत दिव्याची बुटकी समई. मी म्हटलं, "बाई, एवढंच? तुमचा पाटा-वरवंटा नाही आणला?" कारण पाट्याशिवाय जाऊबाई म्हणजे कपाशीशिवाय वावर. मिक्सरच्या चटणीला त्या चटणी म्हणत नाहीत, लगदा म्हणतात.

"तो असू दे तिथंच," त्या म्हणाल्या. "वापस गेल्यावर लागन."

पाटा मागे ठेवलाय म्हणजे बाईचं अर्धं मन मागेच आहे.

घट बसवायला देवघराच्या खोलीत जागा करायची होती. तिथं गव्हाची मोठी टाकी उभी होती. आमच्या ह्यांनी ती रेटत रेटत स्वयंपाकघरात नेली. तिथं ती बसेना, म्हणून ओव्हन मागे ढकलला. पार भिंतीला चिकटवला. "बसली पाहा!" म्हणून हात झटकले. मीही पाहिलं, म्हटलं छान झालं, जागा निघाली. ओव्हनमागे गॅसची रबरी नळी आहे, तिचं काय झालं असेल, हे आम्हा दोघांपैकी कोणाच्याच डोक्यात आलं नाही. एकाच सिलिंडरवर आमची शेगडी आणि ओव्हन, दोन्ही चालतात. मधे फाटा काढून दिलेला.

घट बसले. माती, गहू, माळ, दिवा. लसणाची टोपली मी आधीच कापडात बांधून माळ्यावर टाकली होती, कांदे ओसरीवरच्या पोत्यात. नऊ दिवस घरात कांदा-लसूण बंद. आमच्या ह्यांना ते नऊ दिवस नव्वद वाटतात. लसणाच्या ठेच्याशिवाय त्यांच्या घशाखाली भाकर उतरत नाही. पण वहिनी घरात, बोलणार कोण?

आमच्याकडे त्याच दिवसांत भुलाबाईही असतात. संध्याकाळी पोरी अंगणात जमतात, फेर धरून गाणी म्हणतात, आणि शेवटी खाऊ ओळखायचा. डबा झाकलेला असतो, वाजवून दाखवायचा, पोरी नावं घेत जातात. ओळखलं की डबा उघडायचा. सहाव्या माळेच्या दिवशी मी दुपारी नानखटाई भाजली होती. डबा वाजवला.

"शंकरपाळे!"

"नाही."

"चकली!"

"नाही!"

एक छोटीशी पोर पाणी प्यायला आत गेली होती, ती स्वयंपाकघराच्या दारातून नाक वर करत आली आणि ओरडली, "लसूण शेव!"

साऱ्या पोरी खिदळल्या. मी डबा उघडला, नानखटाई निघाली, पोरी तुटून पडल्या. सारं हसण्यावारी गेलं. एक माणूस हसलं नाही. ओसरीवर पाय पसरून बसलेल्या माझ्या जाऊबाई.

पोरी गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. "धाकटे, त्या पोरीनं लसूण काहून म्हटलं?"

"पोरी आहेत बाई. तोंडात येईल ते म्हणतात."

"पोरीचं नाक खोटं बोलत नाही. मलेही कालपासून वास येऊन राह्यला."

खरं सांगायचं तर मलाही काहीतरी येत होतं. कुजट, लसूण सडल्यासारखं. पण मी दिवसभर त्याच घरात. माणूस ज्या वासात राहतं त्याला तो वास कमी येतो. मी माळ्यावर चढून टोपली पाहिली. कापडात बांधलेली जशीच्या तशी.

जाऊबाई रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या विचार करत होत्या असं दिसतं, कारण सकाळी चहा पिताना त्यांनी सारा हिशोब माझ्यापुढे मांडला. "पाहा. सकाळी वास नसते. आता आहे काय? नाही. दुपारी येते. दुपारी घरात कोण येते?"

आता तुम्हाला सांगते, सकाळी वास का नसायचा. लेकीनं मला सक्त ताकीद दिली होती म्हणून मी झोपताना सिलिंडरचं बटण बंद करत असे. सकाळी उघडायचं, मग स्वयंपाक, मग दुपारपर्यंत वास साचायचा. इतकं साधं होतं. पण घरात नवरात्र असलं, कांदा-लसूण बंद असला आणि लसणासारखा वास आला, तर आमच्याकडच्या बाईच्या मनात गॅस येत नाही. पाप येतं. कोणीतरी चोरून खाल्लं!

आणि दुपारी घरात येणारा माणूस एकच.

हे वावरातून आले. हात-पाय धुतले, पाटावर बसले. जाऊबाई समोर येऊन उभ्या. "भाऊजी, तोंड उघडा."

"काहून, वहिनी?"

"उघडा म्हटलं न. हाऽ करा."

सत्तरी गाठलेला माणूस, दोन नातवंडांचा आजोबा, गावात चार माणसं मान देतात. त्यानं आपल्या वहिनीपुढे तोंड वासून "हाऽऽ" केलं. जाऊबाईंनी वाकून वास घेतला. मला हसू आवरेना, मी पदर तोंडात कोंबून शेगडीकडे वळले.

"तंबाखूचा येते," जाऊबाई म्हणाल्या. "त्याच्याखाली काय हाय थे समजून नाही राह्यलं."

"वहिनी, देवीची आण, लसूण नाही खाल्ला मी."

"लसूण नाही. मंग काय खाल्लं?"

इथं हे अडखळले. मी मागे वळून पाहिलं. चेहऱ्यावरून मी ओळखलं, काहीतरी आहे. चार दशकं त्या चेहऱ्यासमोर भाकरी वाढल्या आहेत.

"सोयाबीन घेऊन दिग्रसले गेलतो न," हे खाली पाहून म्हणाले, "तवा स्टँडावर… भजे खाल्ले."

"कायचे?"

"…कांद्याचे."

"अगं माय!" जाऊबाईंनी कपाळाला हात लावला. "घरात घट बसले अन् हा माणूस स्टँडावर कांद्याचे भजे खाऊन राह्यला!"

"गरम काढून राह्यला होता वो थो, वहिनी. वास आला तं पाय आपोआप थांबले."

झालं. गुन्हेगार सापडला, गुन्हा कबूल झाला, तपास बंद. कांद्याच्या भज्याचा वास लसणासारखा आणि तोही दिवसचे दिवस कसा येईल, हे कोणीही विचारलं नाही. मीसुद्धा नाही. एकदा माणसानं कबूल केलं की पुढे कोण शोधतं? आमच्या ह्यांना डोक्यावरून आंघोळ करायला लावली, आणि जाऊबाईंनी हुकूम सोडला, "नवरात्र सरेपर्यंत ओसरीवर जेवा, ओसरीवर झोपा. घटाच्या खोलीत पाय ठेवू नका." ते बिचारे आपली सतरंजी घेऊन ओसरीवर गेले. जाता जाता मला म्हणतात, "अवो, दोन भज्यांपायी वनवास झाला न."

"दोन होते?" मी म्हटलं.

"प्लेट होती," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अष्टमी. संध्याकाळी भुलाबाईच्या पोरी येणार, शिवाय बायका ओटी भरायला येणार, म्हणून मी जास्तीची नानखटाई करायला घेतली. सकाळपासून शेगडीवर काही ना काही चालूच होतं. दुपार झाली. शेगडी बंद करून मी पीठ मळून, गोळे करून जाळीवर मांडले. आणि वास आला. कालच्यापेक्षा जास्त. चांगलाच जास्त.

मी ओसरीवर डोकावले. हे तिथं सतरंजीवर पडलेले. बाहेर आहेत. काल डोक्यावरून न्हाले आहेत. मग हा वास कोणाचा? मी तशीच उभी. एका हातात काडेपेटी, आता ओव्हन पेटवायचा होता, आणि मनात ते कोडं.

तेवढ्यात शेजारीण आली. आमच्या वावराला लागून तिचं वावर आहे, मूळची तांड्यावरची, आता गावात आमच्या बाजूलाच राहते. टोपलीभर झेंडू घेऊन आली होती घटाच्या माळेसाठी. माझ्या जाऊबाईंना ती आई म्हणते, तिच्या बोलीत, "याडी". दारातून "याडी, फुलं आणली वो" म्हणत आत आली आणि मधेच थांबली. बाहेरच्या मोकळ्या हवेतून आलेलं ताजं नाक. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं.

"काकू! काडी ओढू नका! गॅस हाय हा!"

"अवो लसूण आहे, ह्यांनी…"

"कायचा लसूण! गॅस येऊन राह्यला, फेका थे काडेपेटी!"

मी काडेपेटी टाकली. तिच्या तांड्यावर घरोघर गॅस आला तेव्हा एजन्सीचा माणूस येऊन सांगून गेला होता, तिनं ते कान देऊन ऐकलं होतं. आमच्याकडेही आला असेल, आम्ही तेव्हा कुठं होतो कोणास ठाऊक. ती म्हणाली, "पयले सिलिंडर बंद करा." मी वाकून रेग्युलेटरचं बटण फिरवलं. तिनं मागचं दार उघडलं, खिडकी उघडली. गडबड ऐकून हे आत आले, बायकोला वास घालवायचाय असं पाहून हात थेट पंख्याच्या बटणाकडे! तिनं मधेच त्यांचं मनगट धरलं. "काका, बटण नाही! एकही नाही! ठिणगी पडते. चालू असन तं चालू राहू द्या, बंद असन तं बंद."

"बरं बाप्पा," म्हणून ते हात वर करून मागे झाले, पोलिसानं पकडल्यासारखे. दुसऱ्याच क्षणी म्हणतात, "कुठून येते थे काडी लावून पाहू काय?"

"काका!"

"नाही, इचारलं आपलं."

मग ती खाली पाहत म्हणाली, "गॅस जड असते काकू. खाली बसते, जमिनीले धरून सरकते." आणि असं म्हणता म्हणता तिची नजर देवघराच्या खोलीकडे गेली. माझीही गेली. मधे दार नाही, नुसता उंबरा. पलीकडे जमिनीवर पाट, पाटावर घट, आणि घटापुढे जमिनीलगत जाऊबाईंचा दिवा. शांत, सरळ, एकसारखा जळत.

मी उंबरा ओलांडून दिव्यापाशी गेले, पदरानं झाकून उचलावा आणि अंगणात न्यावा म्हणून. शेजारीण म्हणाली, "काकू, जळता दिवा घेऊन फिरू नका. बाहेर जायची वाट स्वयंपाकघराच्या दारावरूनच हाय. जागच्या जागी…"

पुढचं ती बोलली नाही. आमच्याकडे देवाचा दिवा विझव असं तोंडानं म्हणत नाहीत. शांत करा म्हणतात. आणि अखंड दिव्याला तर तेही म्हणत नाहीत.

मी तिथं वाकलेली, हात पुढे, आणि हात हलेना. मला गॅस दिसत नव्हता, मला पाटा दिसत होता. वावरातल्या घरी मागे ठेवलेला.

पाठीमागून जाऊबाईंचा आवाज आला. "सरक."

त्या झोपल्या होत्या, उठून भिंत धरत धरत आल्या होत्या. सारं ऐकलं होतं. त्यांनी शेजारणीच्या टोपलीतून एक झेंडूचं फूल घेतलं, घटाजवळच्या तांब्यातल्या पाण्यात बुडवलं. गुडघे दुखतात म्हणून त्या कधी खाली बसत नाहीत. त्या दिवशी बसल्या. हात जोडले. मग फूल ज्योतीवर ठेवलं. चुर्र असा बारीक आवाज झाला, धुराची एक रेघ वर गेली.

"देवी मले विचारन," माझ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या. "तुले नाही. उठव मले आता."

आम्ही दोघींनी त्यांना उठवलं आणि सारे अंगणात निंबाखाली येऊन बसलो. तिथून, घरापासून दूर उभं राहून, ह्यांनी गॅसवाल्यांना फोन लावला. मेकॅनिक येतो म्हणाला. जाऊबाई घराकडे पाहत होत्या. मी त्यांच्याकडे पाहत होते. शेवटी आमच्या ह्यांना राहवलं नाही.

"वहिनी, म्हंजे माह्या भज्यांचा वास नव्हताच न थो?"

"नव्हता."

"मंग मी सुटलो?"

"लसणातून सुटले," जाऊबाई म्हणाल्या. "भज्यातून नाही."

शेजारीण इतकी हसली की टोपलीतली फुलं सांडली. मला मात्र हसता येत नव्हतं.

मेकॅनिक आला, मोटारसायकलवर, तापट माणूस. आधी घरातला वास पार गेलाय का ते पाहिलं. मग आमच्याकडून भांड्याच्या साबणाचं पाणी मागितलं, ओव्हन हळूच पुढे ओढला, सिलिंडर जरा उघडून नळीवर, सांध्यांवर, बटणांवर ते पाणी लावत गेला. ओव्हनमागे नळी वाकली होती तिथं फसफस फसफस बुडबुडे. लगेच त्यानं सिलिंडर बंद केला.

"हा कोणं चिपकवला भिंतीले?"

आम्ही दोघा नवरा-बायकोंनी एकमेकांकडे पाहिलं. त्यानं नळी काढली आणि हातात वाकवली. कडक झालेली, तडे गेलेले. ओव्हनच्या तापलेल्या पत्र्याला ती इतके दिवस टेकून होती. म्हणजे मी नानखटाई भाजत होते आणि मागे नळीही भाजत होती. ह्यांनी विचारलं, साबणाची वडी घासून भोक बुजवलं तर दोन दिवस निघतील का, गावात लोक तसंच करतात. तर तो असा डाफरला की हे पुन्हा ओसरीवर जाऊन बसले.

त्यानं नवी जाड नळी घातली. म्हणाला, ओव्हनच्या पाठीमागे हात फिरेल एवढी जागा पाहिजेच, आणि नळी पत्र्याला लागता कामा नये. मग नळीवर छापलेलं दाखवलं. "हे पाहा, हिची मुदत. संपली की बदलायची. चांगली दिसली तरी."

जाऊबाई पुढे वाकून पाहू लागल्या. "माणसाले नाही छापत अन् नळीले छापतात काय?"

तेव्हा तो पहिल्यांदा हसला. पुन्हा साऱ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून दाखवलं, एकही बुडबुडा नाही. "आता पेटवा. पण पयले काडी, मंग बटण. बटण सोडून काडी धुंडाळत बसू नका. अन् नाही पेटला तं बंद करा, दार उघडं ठेवा, जरा थांबा."

तो गेल्यावर घर झाडलं. सूर्य कलला. मी घाबरत घाबरत जाऊबाईंजवळ गेले. "बाई… दिवा?"

"लावायचा न. दिवेलागण झाली." त्यांनी नवी वात केली, तेल घातलं. काडी हातात घेतली आणि थांबल्या. "जा पयले. तुह्या त्या सिलिंडरले हात लावून ये."

मी जाऊन, बंद आहे पाहून आले. मग त्यांनी दिवा लावला. बाकी एक शब्द नाही. राहते नाही, जाते नाही.

त्या संध्याकाळी पोरींना नानखटाई मिळाली नाही, शेंगदाण्याचे लाडू मिळाले, आणि पहिल्याच दमात ओळखले. पुढं नवमी झाली. अष्टमीच्या रात्रीपासून झोपायच्या आधी देवघरातून हाक यायची, "धाकटे, बंद केलं काय?" मी इकडून "केलं, बाई." "हात लावून पाह्यलं काय?" "पाह्यलं, बाई." दिव्यात तेल घालायची जशी वेळ ठरलेली, तशी ही हाकेची वेळ.

दसरा आला. घट हलले. ह्यांना घरात जेवायची परवानगी मिळाली. संध्याकाळी मी जाऊबाईंच्या हातात आपट्याचं सोनं दिलं, पाया पडले, आणि उठताना दिसलं, खाटेवर त्यांची पिशवी उघडी पडलेली, लुगडी बाहेर काढलेली. म्हटलं, निघाली बाई. उद्या दसऱ्याचा दुसरा दिवस.

"बाई," मी म्हटलं, "दिवा मधात… पण तुम्ही त्याच्यावरून…"

त्यांनी मान वर केली. "विझला नाही थो. मीनं शांत केला. माहा हात होता त्याच्यावर." मग लुगड्याची घडी माझ्या हातात देत म्हणाल्या, "हे कपाटात ठेव. पिशवीत दमट वास धरते." आणि ओसरीकडे तोंड करून हाक मारली, "भाऊजी! उद्या वावरात जासान तं माहा पाटा घेऊन या."

"कायले, वहिनी?"

"कायले म्हंजे? लसणाची चटणी त्या मिक्सरमंदी होते काय?"

दुसऱ्या दिवशी हे दोन गडी लावून पाटा-वरवंटा घेऊन आले. मी माळ्यावरची टोपली खाली काढली. जाऊबाईंनी स्टुलावर बसून, पाटा ओट्यावर ठेवून, लाल मिरची आणि लसूण असा रगडला की वास पार शेजारणीच्या अंगणात गेला. तिकडून ती ओरडली, "काकू! गॅस की लसूण?"

"लसूण!" आम्ही दोघी एकदम ओरडलो. तरी मी जाऊन सिलिंडरला हात लावून आलेच.

जेवणं झाली. आमच्या ह्यांनी किती भाकरी खाल्ल्या ते मोजायचं नसतं. मग प्रश्न आला, पाटा ठेवायचा कुठं. घरात आधीच गव्हाच्या टाकीची अडचण. मी म्हटलं, ओसरीवर ठेवू. जाऊबाईंनी स्वयंपाकघरात एक चक्कर मारली, ओव्हनच्या बाजूला वाकून पाहिलं, आणि ह्यांना सांगितलं, "इथं उभा करा. पेटी अन् भिंत यायच्या मधात. नळी त्या टोकाले हाय, तिच्यापासून दूर. हां. आता सरकवा पेटी मागं."

ह्यांनी ओव्हनला जोर लावला. पाटा आडवा आला. ओव्हन तसूभर हलला नाही.

"असंच," जाऊबाई म्हणाल्या, आणि हात धुवायला गेल्या.

आता चटणी करायची असली की पाटा ओढून काढायचा, झाली की धुऊन पुन्हा तिथंच उभा. नानखटाई करायच्या आधी मी मागे हात घालून बघते, पाटा लागतो, मग काडी ओढते.